पाहुण्याच्या वाट्याची डिस्क

एका संगणकाच्या पोटात दुसरा संगणक चालवायचा, म्हणजे खऱ्या यंत्रावर असा एक थर बसवायचा की त्या थरावर चालणाऱ्या कार्यप्रणालीला आपण स्वतंत्र आणि संपूर्ण यंत्रावर आहोत असेच वाटावे, ही कल्पना आता साठ वर्षांची झाली आहे. अशा भासमान यंत्राला व्हर्च्युअल मशीन, खऱ्या यंत्राला होस्ट म्हणजे यजमान, आत चालणाऱ्या कार्यप्रणालीला गेस्ट म्हणजे पाहुणा आणि या दोहोंमधल्या कारभारी थराला हायपरवायझर अशी नावे रूढ आहेत. यजमानाने पाहुण्याला तीन गोष्टी द्यायच्या असतात : प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क. प्रोसेसर वेळेच्या तुकड्यांत वाटता येतो, कारण गेलेला क्षण कोणी परत मागत नाही, आणि मेमरीही पाने अदलाबदल करून पुरवता येते, कारण यंत्र बंद झाले की तिच्यातले सारे पुसलेच जाते. डिस्कचे तसे नाही. पाहुण्याने आज जे लिहिले ते उद्या, परवा आणि वर्षानेही त्याच जागी त्याला सापडले पाहिजे आणि शेजारच्या पाहुण्याच्या हाती ते कधीही लागता कामा नये, म्हणून आभासी यंत्रांच्या इतिहासात डिस्कचे प्रकरण स्वतंत्रपणे लिहिण्याच्या योग्यतेचे आहे. ते मुळात एका नोंदवहीचे प्रकरण आहे : कोणती जागा कोणाच्या नावावर लावली, ती नोंद कोणी ठेवली, आणि नोंदीतली जागा खरोखर अस्तित्वात होती की नाही.

या प्रकरणाची सुरुवात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केंब्रिज शहरात होते. आयबीएम कंपनीने १९५६ मध्ये रॅमॅक या संगणकासोबत पहिली व्यापारी डिस्क आणली होती. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्यांचा तो अवजड संच होता आणि त्यात पन्नास लाख अक्षरे मावत. पुढच्या आठ वर्षांत डिस्क लहान झाली, तबकड्यांचा संच काढता-घालता येऊ लागला, आणि त्याच काळात मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत एकाच संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची, म्हणजे टाइम-शेअरिंगची, पद्धत आकाराला आली. त्या संस्थेच्या शेजारीच १९६४ मध्ये आयबीएमने नॉर्मन रासमुसेन यांच्या नेतृत्वाखाली केंब्रिज सायंटिफिक सेंटर सुरू केले, आणि तेथे रॉबर्ट क्रीसी व लेस कोमो यांनी सीपी-४० हा प्रकल्प हाती घेतला. प्रत्येक वापरकर्त्याला संगणकातला एखादा कोपरा देण्याऐवजी एक अख्खा संगणकच द्यावा, मग तो आभासी का असेना, हा त्या प्रकल्पामागचा विचार होता. सिस्टिम/३६० मालिकेतल्या मॉडेल ४० या यंत्रात पत्ते बदलणारी खास जोडणी करून ही व्यवस्था जानेवारी १९६७ मध्ये रोजच्या वापरात आली आणि त्या एका यंत्रावर चौदा आभासी यंत्रे चालू लागली.

चौदा यंत्रे म्हटली की चौदांना डिस्क हवी. त्या काळची नेहमीची डिस्क म्हणजे आयबीएम २३११. तिच्या पॅकमध्ये सहा तबकड्या, त्यांच्या दहा बाजूंवर लेखन आणि प्रत्येक बाजूवर वापरायचे दोनशे वर्तुळाकार मार्ग किंवा ट्रॅक असत. वाचणारे हात सगळे एकदमच सरकत असल्यामुळे एका ठिकाणी थांबून दहाही बाजूंवरचे जे दहा ट्रॅक वाचता येत, त्यांच्या उभ्या गटाला सिलिंडर म्हणत. एका सिलिंडरमध्ये ३६,२५० बाइट आणि अख्ख्या पॅकमध्ये साडेबाहत्तर लाख बाइट मावत. एवढी महाग वस्तू प्रत्येक आभासी यंत्राला स्वतंत्र देणे परवडणारे नव्हते, आणि ज्याला थोडेसे प्रोग्रॅम व त्यांची माहिती ठेवायची त्याला ती अख्खी लागतही नव्हती. केंब्रिजच्या मंडळींनी त्यावर काढलेला तोडगा पुढे मिनिडिस्क या नावाने रूढ झाला : एका खऱ्या डिस्कमधले सलग काही सिलिंडर वेगळे मोजून काढायचे आणि तेवढीच एक पूर्ण डिस्क आहे असे पाहुण्याला दाखवायचे.

महाराष्ट्रातल्या वाचकाला ही व्यवस्था समजायला जमिनीच्या दप्तरातला पोटहिस्सा पुरेसा आहे. एका सर्व्हे नंबरात चार भावांचे चार पोटहिस्से असतात, प्रत्येकाची हद्द मोजणीने ठरलेली असते, आणि कसणारा आपल्या हद्दीच्या आत पूर्ण मालकाप्रमाणे वागतो. मिनिडिस्कचे दप्तर म्हणजे वापरकर्त्यांची निर्देशिका नावाची एक साधी मजकुराची फाइल होती, जी यंत्राचा कारभार पाहणारा माणूस स्वतः लिहीत असे. २ ऑगस्ट १९७२ रोजी आयबीएमने व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली आणि केंब्रिजचे हे काम अधिकृत उत्पादन झाले. त्या काळातली निर्देशिकेतली एक नोंद जशीच्या तशी वाचली तर ती अशी दिसते : एमडिस्क १९१ ३३३० १०१ ०१० यूझर०१ एमआर. यातला १९१ हा पाहुण्याला दिसणारा डिस्कचा पत्ता, ३३३० हा डिस्कचा प्रकार, १०१ हा सुरुवातीचा सिलिंडर, ०१० ही सिलिंडरांची संख्या, यूझर०१ हे खऱ्या पॅकवरचे नाव, आणि शेवटची दोन अक्षरे म्हणजे लिहिण्या-वाचण्याचा हक्क. ३३३० या डिस्कच्या एका सिलिंडरमध्ये सुमारे अडीच लाख बाइट मावत असल्यामुळे या एका ओळीने कोणा एकाच्या नावावर साधारण पंचवीस लाख बाइटांचा पोटहिस्सा लागत असे. खऱ्या पॅकचा शून्यावा सिलिंडर नावपट्टीसाठी राखलेला असल्याने वाटपाची मोजणी सहसा एकपासून सुरू होई.

पाहुण्याला मात्र आपली डिस्क शून्यापासूनच सुरू होते असे दिसे. त्याने तिसरा सिलिंडर मागितला की कंट्रोल प्रोग्रॅम, म्हणजे सीपी हा हायपरवायझर, ती मागणी मध्येच अडवी, तिच्यात सुरुवातीचे १०१ मिळवी आणि खऱ्या यंत्राकडे १०४ हा आकडा पाठवी. त्याने दहावा मागितला तर ती जागा हद्दीबाहेरची, कारण शून्य ते नऊ एवढेच त्याचे, म्हणून अस्तित्वात नसलेला सिलिंडर मागितल्यावर खरी डिस्क जी चूक कळवी तीच चूक त्याला कळवली जाई. एक बेरीज आणि एक तुलना, एवढ्यावर हा सगळा भास उभा होता, आणि त्याचे मोठेपण याच साधेपणात आहे. या कामात जी चूक होऊ शकत होती ती माणसाच्या हातून होणारी होती. दोन नोंदींतले आकडे एकमेकांवर चढले तरी प्रणाली त्याला हरकत घेत नसे, कारण देखभालीसाठी अख्खा पॅक एकाच नोंदीत दाखवून त्यातल्या पोटहिश्शांवर मुद्दाम चढवण्याची रीतच होती. परिणामी एका पाहुण्याने आपली डिस्क फॉरमॅट केली आणि दुसऱ्याच्या फाइली गेल्या, ही भीती कारभाऱ्याला कायम असे. नोंदी क्रमाने लावून कोठे फट आहे आणि कोठे हद्द चढली आहे ते दाखवणारा डिस्कमॅप हा प्रोग्रॅम त्यासाठीच वापरात आला. गावच्या मोजणीदाराचे कामही याहून फार वेगळे नसते.

या पोटहिश्शांवर राहणारा मुख्य पाहुणा म्हणजे सीएमएस ही एका माणसापुरती छोटी कार्यप्रणाली. तिच्या आद्याक्षरांचा अर्थ आधी केंब्रिज मॉनिटर सिस्टिम असा होता आणि पुढे त्यातल्या केंब्रिजच्या जागी संवादी या अर्थाचा शब्द आला. सीएमएसची प्रणाली-डिस्क १९० या पत्त्यावर असे आणि ती सर्व वापरकर्त्यांना मिळून एकच, फक्त वाचण्यापुरती, जोडलेली असे. ज्याचा त्याचा खासगी मजकूर १९१ या पत्त्यावरच्या मिनिडिस्कवर जाई. शंभर वापरकर्ते असले तरी प्रणालीची प्रत एकच राही आणि नव्या वापरकर्त्यासाठी वेगळे इन्स्टॉलेशन असे काही करावेच लागत नसे : निर्देशिकेत चार ओळी लिहायच्या, १९१ फॉरमॅट करायची, की आभासी यंत्र कामाला तयार. दुसऱ्याची डिस्क पाहायची तर लिंक या आज्ञेने ती जोडता येई आणि तिला स्वतंत्र परवलीचा शब्द लावता येई. हक्काच्या अक्षरांपैकी एमआर याचा अर्थ, दुसरा कोणी लिहीत नसेल तर लिहिण्याचा हक्क आणि लिहीत असेल तर केवळ वाचण्याचा, असा होता. एमडब्ल्यू म्हणजे मात्र कोणीही लिहीत असले तरी लिहिण्याचा हक्क, आणि सीएमएससारखी प्रणाली डिस्कवरची अनुक्रमणिका आपल्या मेमरीत धरून काम करीत असल्यामुळे दोघांनी एकदम लिहिले की अनुक्रमणिका मोडलीच. एकच डिस्क-फाइल दोन व्हर्च्युअल मशीनना चुकून जोडणाऱ्या आजच्या प्रशासकाच्या हातून अगदी हाच प्रमाद घडतो.

मोठ्या पाहुण्यांची सोय निराळी होती. ओएस/३६० किंवा तिच्या वंशातली भारदस्त कार्यप्रणाली पाहुणी म्हणून बसवायची झाली, तर तिला पोटहिस्सा न देता अख्खी डिस्क नावावर करून देण्याची तरतूद निर्देशिकेत होती. वाटून द्यायचे की बहाल करायचे, हा प्रश्न तेव्हापासून प्रत्येक पिढीपुढे नव्याने आला आहे. मिनिडिस्कच्या काळाची खरी ओळख मात्र वेगळ्याच गोष्टीत आहे. नोंदीत दहा सिलिंडर लिहिले की दहा सिलिंडर खरोखर अडकून पडत, मग पाहुण्याने त्यावर एक अक्षर लिहिलेले असो वा नसो. वचन आणि जागा यांत तसूभर अंतर नव्हते. त्याची किंमत अशी की वापरात नसलेली जागा वाया जाई, पॅकमध्ये लहान लहान फटी उरत, आणि एखाद्याची डिस्क वाढवायची तर शेजारी दुसऱ्याची हद्द लागलेली असल्याने इतरत्र मोठा पोटहिस्सा मोजून सगळा मजकूर तेथे हलवावा लागे. पण ज्याला जेवढे लिहून दिले तेवढे त्याचे होते, आणि मध्येच जागा संपली असे यजमानाला कधी सांगावे लागत नसे.

ऐंशीच्या दशकाबद्दल येथे थोडक्यात सांगणे पुरेसे आहे. आयबीएमने १९७९ मध्ये ३३७० ही डिस्क आणली, जिच्यात सिलिंडर आणि ट्रॅक यांऐवजी ५१२ बाइटांचे ठोकळे ओळीने क्रमांक लावून मागता येत, आणि त्यामुळे हद्दीची मोजणी सिलिंडरांऐवजी ठोकळ्यांत करता येऊ लागली. दुसरीकडे वैयक्तिक संगणक आला, ज्याच्या प्रोसेसरची घडण आभासी यंत्रांना अनुकूल नव्हती, आणि मोठ्या यंत्रांवर मुरलेली ही विद्या बराच काळ तेथेच राहिली. वैयक्तिक संगणकाच्या डिस्कने मात्र नकळत एक काम करून ठेवले. तिची मोजदाद सिलिंडर, हेड म्हणजे वाचणारे टोक आणि सेक्टर म्हणजे ट्रॅकचा तुकडा या तीन आकड्यांत होई, आणि यंत्र सुरू करणारा प्रारंभिक प्रोग्रॅम व डिस्कची जोडणी या दोहोंच्या मर्यादा एकत्र लावल्या की १०२४ सिलिंडर, १६ हेड आणि ६३ सेक्टर, म्हणजे सुमारे ५२ कोटी ८४ लाख बाइट, एवढ्यावर गणित थांबे. डिस्क त्याहून मोठ्या झाल्यावर खोटे आकडे सांगून हे गणित पुढे रेटण्यात आले. दोन-तीन तबकड्यांची डिस्क स्वतःला सोळा हेडची म्हणवू लागली, बाहेरच्या ट्रॅकवर जास्त आणि आतल्या ट्रॅकवर कमी सेक्टर असूनही सगळीकडे ६३ च आहेत असे सांगू लागली. नव्वदच्या दशकात खरी डिस्कसुद्धा आपल्या आकाराविषयी एक कथाच सांगत होती, आणि तीच कथा एखाद्या फाइलने सांगितली तर पाहुण्याला फरक कळण्याचे काही कारण उरले नव्हते.

ती फाइल १९९९ मध्ये आली. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधनातून पुढे आलेले मेंडेल रोझेनब्लम, एदुआर बुन्यों आणि स्कॉट डिव्हाइन यांनी डायेन ग्रीन व एडवर्ड वांग यांच्यासह १९९८ मध्ये व्हीएमवेअर ही कंपनी स्थापन केली, आणि पुढच्याच वर्षी साध्या वैयक्तिक संगणकावर दुसरी कार्यप्रणाली चालवणारे तिचे उत्पादन बाजारात आले. त्यात पाहुण्याला खऱ्या डिस्कचा भाग देता येत असे, पण नेहमीचा मार्ग असा होता की यजमानाच्या फाइल-व्यवस्थेत एक मोठी फाइल तयार करायची आणि तीच पाहुण्याला डिस्क म्हणून दाखवायची. त्या काळच्या अनेक फाइल-व्यवस्थांना दोन गिगाबाइटांपेक्षा मोठी फाइल पेलत नसे, म्हणून आभासी डिस्क दोन-दोन गिगाबाइटांच्या तुकड्यांत ठेवण्याची सोय होती, आणि तिचे अवशेष जुन्या संग्रहांत आजही दिसतात. नोंदवही ठेवण्याचे काम या टप्प्यावर माणसाच्या हातून सुटले. फाइल तबकडीवर कोठे ठेवायची, हद्द कशी सांभाळायची, मोकळ्या फटी कशा भरायच्या, हे सगळे यजमानाची फाइल-व्यवस्था पाहू लागली आणि सिलिंडर मोजणारा कारभारी अनावश्यक झाला. फाइल झालेली डिस्क दुसऱ्या यंत्रावर नेता येऊ लागली, तिची प्रत काढता येऊ लागली, आणि चाचणी संपल्यावर केलेले बदल फेकून देऊन पूर्वस्थितीला येता येऊ लागले.

याच टप्प्यावर आणखी एक गोष्ट घडली, जी या साऱ्या इतिहासातला सर्वांत खोल बदल मानली पाहिजे. फाइल-व्यवस्थांना विरळ फाइली, म्हणजे ज्यांच्या न लिहिलेल्या भागाला तबकडीवर जागाच दिलेली नसते अशा फाइली, ठेवता येत होत्या, आणि डिस्क-फाइलींचे नवे प्रकारही त्याच तत्त्वावर वाढत्या आकाराचे बनले. पाहुण्याला वीस गिगाबाइट सांगायचे आणि तो जसजसे लिहील तसतशी जागा द्यायची. मिनिडिस्कच्या काळात एकजीव असलेले वचन आणि जागा येथे वेगळे झाले.

लिनक्सच्या जगात हीच वाट एका निराळ्या प्रयोगातून आली. जेफ डाइक यांनी लिनक्सचा गाभाच एका साध्या प्रोग्रॅमसारखा चालवणारी यूझर मोड लिनक्स ही व्यवस्था तयार केली, आणि तिच्यात मूळ डिस्क-फाइल न बदलता फक्त बदललेले भाग वेगळ्या फाइलीत लिहिण्याची युक्ती होती. फाब्रिस बेलार यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या क्यूईएमयू या यंत्रानुकरण करणाऱ्या प्रोग्रॅमने ती युक्ती उचलून क्यूकाउ हा डिस्क-फाइलीचा प्रकार घडवला आणि २००६ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती क्यूकाउ-२ आली. तिची रचना जवळून पाहण्यासारखी आहे. पाहुण्याची डिस्क ६४ किलोबाइटांच्या गटांत विभागलेली मानतात, आणि प्रत्येक गट फाइलीत कोठे आहे हे आठ बाइटांच्या एका नोंदीत लिहितात. अशा ८,१९२ नोंदींचे एक पान बनते, जे स्वतः बरोबर एका गटात मावते आणि पाहुण्याच्या ५१२ मेगाबाइट जागेचा हिशेब ठेवते. या पानांचे पत्ते वरच्या एका अनुक्रमणिकेत असतात. वीस गिगाबाइटांच्या डिस्कसाठी त्या अनुक्रमणिकेत चाळीस नोंदी पुरतात, आणि खालचे पान पाहुण्याने त्या भागात पहिल्यांदा लिहिले की मगच तयार होते. नुकतीच तयार केलेली वीस गिगाबाइटांची फाइल तबकडीवर दोनशे किलोबाइटांच्या आतच असते, ती यामुळे. शिवाय प्रत्येक गटाला किती जणांचा आधार आहे याची वेगळी मोजणी असते, जिच्यामुळे एखाद्या क्षणाची स्थिती गोठवून ठेवणे, म्हणजे स्नॅपशॉट घेणे, शक्य होते. सीपीची एक बेरीज आणि एक तुलना जाऊन तेथे दोन पायऱ्यांचे दप्तर आले, आणि ते दप्तर आता पाहुण्याच्या मजकुरासोबत एकाच फाइलीत नांदू लागले.

दप्तर आणि मजकूर शेजारी आल्याने एक नवी जोखीमही आली. क्यूकाउ-२ ची फाइल तिच्या पहिल्या चार बाइटांवरून ओळखतात, ज्यातले पहिले तीन म्हणजे क्यू, एफ आणि आय ही अक्षरे होत. क्यूईएमयूला फाइलीचा प्रकार सांगितला नाही तर तो हे बाइट पाहून स्वतः ठरवीत असे. आता पाहुण्याला साधी, दप्तर नसलेली फाइल दिलेली असेल, तर तिचा पहिला बाइट म्हणजेच त्याच्या डिस्कचा पहिला बाइट, आणि तेथे त्याला हवे ते लिहिता येते. त्याने तेथे क्यूकाउचे शीर्षक लिहिले आणि मूळ फाइल म्हणून यजमानाच्या एखाद्या गुप्त फाइलीचे नाव घातले, की पुढच्या वेळी यंत्र सुरू होताना ती गुप्त फाइलच त्याला डिस्कच्या रूपाने वाचायला मिळावी. ही त्रुटी २००८ मध्ये नोंदली गेली आणि तेव्हापासून फाइलीचा प्रकार आज्ञेत स्पष्ट लिहिण्याचा आग्रह धरला जातो. शेतकऱ्यालाच आपल्या उताऱ्यावर लिहू दिले तर काय होईल, याचे इतके नेमके उदाहरण संगणकाच्या क्षेत्रात दुसरे सापडणे कठीण.

फाइलीऐवजी डिस्कचा भागच द्यावा असे मानणारी परंपराही या काळात जोमात होती. इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठात २००३ मध्ये पुढे आलेल्या झेन या हायपरवायझरच्या वापरकर्त्यांनी पाहुण्यासाठी लॉजिकल व्हॉल्यूम वापरण्याची रीत पाडली. अनेक डिस्क एका गटात एकत्र करून त्यांच्यातून हवे तेवढे भाग काढायचे आणि गरजेनुसार वाढवायचे, ही ती व्यवस्था. लिनक्समध्ये ती हाइन्झ माउएल्सहागेन यांनी १९९८ च्या सुमारास एचपी-यूएक्स या कार्यप्रणालीतल्या व्यवस्थेच्या धर्तीवर लिहिली. तिच्यात जागा साधारणपणे चार मेगाबाइटांच्या तुकड्यांत दिली जाते आणि ते तुकडे सलग असण्याची गरज नसते, त्यामुळे मिनिडिस्कची फटींची अडचण सुटते आणि तरीही लिहून दिलेली जागा खरोखर बाजूला काढलेली असते. मराठी वाचकाला या विद्येशी जवळीक वाटण्याचे एक खरे कारण आहे. व्हॉल्यूम व्यवस्थापनाच्या क्षेत्रात अग्रणी असलेल्या व्हेरिटास कंपनीचे विकासकेंद्र नव्वदच्या दशकात पुण्यात सुरू झाले, आणि साठवणुकीच्या आज्ञावली लिहिणाऱ्या अभियंत्यांची एक पिढी त्या शहरात तयार झाली. पुढे रेड हॅटच्या पुणे कार्यालयातल्या अभियंत्यांचा क्यूईएमयूच्या विकासातही हात लागला.

फेब्रुवारी २००७ मध्ये लिनक्सच्या २.६.२० या आवृत्तीत केव्हीएम हा हायपरवायझर दाखल झाला. आवी किविटी यांनी इस्रायलमधल्या क्यूमरानेट या कंपनीत तो लिहिला होता. त्याने प्रोसेसरचा प्रश्न नव्या प्रोसेसरांतल्या सोयींवर सोपवला, आणि मग डिस्कचा संथपणा उघडा पडला. पाहुण्याला जुन्या आयडीई पद्धतीची डिस्क दाखवली तर तो एका मागणीसाठी सेक्टरांची संख्या, पत्त्याचे तुकडे आणि आज्ञा असे सहा-सात आकडे वेगवेगळ्या जागी लिहितो, आणि यातल्या प्रत्येक लेखनाला यजमानाला पाहुण्याचे काम थांबवून मध्ये पडावे लागते. ऑस्ट्रेलियातले रस्टी रसेल यांनी सुचवलेल्या व्हर्टआयओ या पद्धतीत पाहुण्याला आपण आभासी यंत्रात आहोत हे उघडपणे सांगितले जाते. तो आपल्या मागण्या दोघांनाही दिसणाऱ्या मेमरीतल्या एका चक्राकार यादीत लिहितो आणि शेवटी एकदाच हाक मारतो. जानेवारी २००८ च्या लिनक्समध्ये ही पद्धत आली आणि पाहुण्याच्या डिस्कचे नाव एसडीए न राहता व्हीडीए दिसू लागले. संपूर्ण भासाचा आग्रह वेगासाठी येथे सोडण्यात आला, आणि तो निर्णय योग्यच होता.

त्या निर्णयाची खूण इन्स्टॉलेशनच्या वेळी नेमकी दिसते. लिनक्सच्या पाहुण्याला व्हर्टआयओ आधीपासून ठाऊक असते, पण विंडोजचे इन्स्टॉलेशन डिस्क निवडण्याच्या पडद्यापर्यंत येते आणि तेथे यादी रिकामी असते. चाळीस गिगाबाइटांची डिस्क रीतसर जोडलेली असूनही पाहुण्याला ती दिसत नाही, कारण तिच्याशी बोलायचा ड्रायव्हर त्याच्याकडे नसतो. तेव्हा ड्रायव्हरांची दुसरी आभासी सीडी जोडायची, ड्रायव्हर लोड करा हे बटण दाबून तिच्यातला योग्य फोल्डर दाखवायचा, आणि मग रिकाम्या यादीत डिस्क उगवते. हे काम करणाऱ्यांना हा क्षण चांगलाच परिचित असतो.

जागा, प्रकार आणि जोडणी यांचे पर्याय असे वाढत गेल्यावर त्यांना एका छत्राखाली आणणारा कारभारी लागणारच होता. रेड हॅटमधल्या दानिएल व्हेयार यांनी सुरू केलेल्या लिबव्हर्ट या प्रकल्पाने तो दिला. त्याच्यात जागेच्या स्रोताला पूल आणि त्यातून पाहुण्याला दिलेल्या भागाला व्हॉल्यूम म्हणतात, मग तो पूल साधा फोल्डर असो, लॉजिकल व्हॉल्यूमचा गट असो की जाळ्यावरून आलेली डिस्क असो. हक्कांचे बंधनही पुन्हा आले : २००९ पासून एसव्हर्ट या व्यवस्थेने प्रत्येक चालू पाहुण्याला आणि त्याच्या डिस्क-फाइलीला एकच खास खूण लावायला सुरुवात केली, जेणेकरून एखादा पाहुणा हायपरवायझर फोडून बाहेर आला तरी यजमानाचा गाभा त्याला शेजाऱ्याची फाइल उघडू देणार नाही. निर्देशिकेतल्या एमआर या दोन अक्षरांचा हा दूरचा वारस होय.

वचन आणि जागा वेगळे झाल्याची किंमतही याच वर्षांत पुरती कळली. शंभर गिगाबाइटांच्या डिस्कवर वीस-वीस गिगाबाइटांचे दहा पाहुणे बसवता येतात आणि महिनोन्महिने काहीच बिघडत नाही, पण एके रात्री सगळ्यांच्या नोंदी वाढतात, यजमानाची जागा संपते आणि आपापल्या हिशेबाने निम्मी डिस्क मोकळी असलेले पाहुणे एकदम थबकतात. पाहुण्याने फाइली पुसल्याने यजमानाची जागा सुटत नसे, कारण पुसणे म्हणजे पाहुण्याच्या अनुक्रमणिकेतली खूण बदलणे, आणि ती यजमानाला कळत नाही. हा गट मला नको असे खाली कळवणारी डिस्कार्ड ही आज्ञा, जी मुळात सॉलिड-स्टेट डिस्कसाठी निघाली, पुढे आभासी डिस्कपर्यंत पोचवण्यात आली तेव्हा ही कोंडी फुटली. हद्दीच्या मोजणीचा एक जुना वारसाही असाच त्रासदायक ठरला. ६३ सेक्टरांच्या काल्पनिक ट्रॅकमुळे जुन्या विंडोजचे पहिले पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून, म्हणजे साडेएकतीस किलोबाइटांवर, सुरू होई. चार किलोबाइटांच्या ठोकळ्यांवर चालणाऱ्या यजमानाच्या हद्दीशी ते कधीच जुळत नसे, आणि पाहुण्याने एक ठोकळा मागितला तर खाली दोन हलत. विंडोज व्हिस्टापासून पार्टिशन एक मेगाबाइटावर सुरू होऊ लागले आणि ही गैरजुळणी नव्या पाहुण्यांपुरती संपली.

पुढे मेघसेवांच्या, म्हणजे क्लाउडच्या, काळात इन्स्टॉलेशन ही पायरीच बव्हंशी गळून पडली. वितरक तयार डिस्क-फाइल देतो, ती मूळ म्हणून केवळ वाचण्यापुरती ठेवली जाते, आणि प्रत्येक नव्या पाहुण्यासाठी तिच्यावर एक पातळ क्यूकाउ-२ फाइल चढवली जाते जिच्यात फक्त त्याचे बदल उतरतात. पहिल्यांदा सुरू होताना पाहुणा आपले पार्टिशन मिळालेल्या डिस्कच्या टोकापर्यंत ताणतो आणि काही सेकंदांत कामाला लागतो. मूळ फाइलीत मात्र नंतर कोणी बदल केला तर तिच्यावर चढवलेले सगळे पाहुणे एकदम मोडतात. सर्वांना मिळून एकच प्रणाली-डिस्क आणि ज्याची त्याची छोटी लिहिण्याची डिस्क, ही मांडणी १९० आणि १९१ यांचीच आहे, फक्त सिलिंडरांच्या जागी गट आले आहेत. ती मूळ मांडणीही नाहीशी झालेली नाही. व्हीएम/३७० चा वंशज असलेल्या झेडव्हीएमवर आज लिनक्सचे पाहुणे चालतात, त्यांच्या कारभाऱ्याला निर्देशिकेत अजूनही एमडिस्क या शब्दाने सुरू होणारी ओळ लिहावी लागते, आणि तिच्यात सुरुवातीचा सिलिंडर आधी आणि सिलिंडरांची संख्या नंतर येते.